पाच किलो म्हणजे किती

चवथीच्या दुसऱ्या दिवशी पंगत उठली की आमच्या फोंड्याच्या घरात पुरुषमंडळींना एखादा विषय लागतोच. संध्याकाळी विसर्जन असतं म्हणून कोणी आडवं होत नाही, आणि मखरात गणपती असेपर्यंत अप्पाकाका पत्त्यांना हात लावू देत नाहीत. एरवी विषय असतो तो पंचायतीचा, नाहीतर कुठल्या भाटकाराने कुठलं भाट दिल्लीवाल्याला विकलं याचा. २०२५ च्या चवथीला मात्र बॉक्सिंग निघालं. कॅनेलो अल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्डची लढत तोंडावर आली होती, आणि आमचा रघूदादा, विनू आणि शेजारचा बाबुसो हे तिघे कुठलीही मोठी फाइट चुकवत नाहीत. तिघांपैकी एकानेही जन्मात ग्लोव्ह घातलेलं नाही, तो भाग निराळा. बोलता बोलता रघूदादाची नजर खांबाला टेकून बसलेल्या सोहमवर गेली. "आणि हे आमचे पैलवान! आलेली फाइट सोडली आणि बसलेत घरात नेवऱ्या खात. भियेलो मरे!" भियेलो म्हणजे घाबरला. सगळे हसले. सोहम माझ्या भावाचा मुलगा, बॉक्सिंग करतो, तोही हसण्यावारी नेईल असं मला वाटलं. त्याने हातातली नेवरी संपवली, बोटं झटकली आणि म्हणाला, "रघूकाका, पाच किलो म्हणजे किती ते तुला ठाऊक नाही."

झालं होतं ते असं. किनारपट्टीवरच्या एका रिसॉर्टमध्ये फाइट नाइट ठेवली होती. मधे रिंग आणि भोवती पिणाऱ्यांची टेबलं, असला प्रकार. ठरलेल्या एका मुलाचा खांदा सरावात दुखावला म्हणून आयोजकांना ऐनवेळी माणूस हवा होता. समोरचा सोहमपेक्षा पाच किलोंनी जड. पैसे फाइट झाल्यावर 'बघू'. डॉक्टर 'असेलच की'. सोहमने मोबाइलवर त्यांना विचारलं की दोघांचं वजन एकाच काट्यावर होईल का, थोडे पैसे आधी मिळतील का, रिंगजवळ अ‍ॅम्ब्युलन्स उभी असेल का, आणि हे कागदावर लिहून मिळेल का. रात्री उत्तर आलं की दुसरा मुलगा मिळाला.

त्यावर आमच्या घरात शेरा बसला, भियेलो.

विषय लगेच परत क्रॉफर्डकडे वळला, आणि हेच तिघे वजनाबद्दल असे बोलू लागले की काटा जणू ह्यांच्याच ओसरीवर ठेवलाय. क्रॉफर्ड १५४ पाउंडांतून थेट १६८ मध्ये चालला होता. मधला १६० चा गट ओलांडून, म्हणजे सहा किलोंहून जास्त वर, तेही अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. बाबुसोच्या मते हा शुद्ध वेडेपणा. विनूच्या मते याला म्हणतात छाती. रघूदादाचं म्हणणं असं की निवृत्तीच्या आधी एक मोठा चेक घेऊन जायचाय त्याला, बाकी काही नाही, हरला तर 'वजन जास्त होतं' म्हणायला मोकळा. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते म्हणा. पण मला राहून राहून एकच वाटत होतं. क्रॉफर्डच्या सहा किलोंना सौदीच्या मनोरंजन खात्याच्या तुर्की अल-शेखने भाव लावला होता, तारीख दिली होती, लास वेगासचं अख्खं स्टेडियम दिलं होतं. सोहमच्या पाच किलोंना कोणी भावच लावला नव्हता. ते त्याने फुकटात उचलायचे होते, आणि उचलले नाहीत तर मात्र हिशेब द्यायचा होता.

रघूदादाचा विजेंदर सिंगवरही जुना राग आहे. विजेंदरने २००८ ला बीजिंगहून ब्राँझ आणलं, २०१५ ला तो प्रोफेशनल झाला आणि पहिल्या बाराच्या बारा फाइट्स जिंकला. त्या सगळ्या काळात रघूदादाचं पालुपद एकच, "निवडून निवडून घेतो रे, पडणारे शोधतो." मग १९ मार्च २०२१ ला विजेंदर आपल्याच मांडवीत लढला, मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो बोटीच्या छतावर. समोर रशियाचा अर्तिश लोपसान, सहा फूट चार इंच उंच. विनू त्या संध्याकाळी पणजीला होता. तो सांगतो की किनाऱ्यावरच्या फूटपाथवरून फाइट काही दिसत नव्हती, दिसत होते ते नुसते दिवे, पाण्यात पडलेले लाल-निळे, आणि वाऱ्यावर मधूनच स्पीकरचा आवाज यायचा नि ओहोटीच्या चिखलाचा वास. मास्क नाकाखाली ओढून तो मोबाइलवर स्कोअर शोधत उभा होता. विजेंदर २०१९ च्या नोव्हेंबरनंतर रिंगमध्ये उतरलेलाच नव्हता. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. नावापुढचं, हारांच्या रकान्यातलं ते शून्य, जे सांभाळून ठेवलं होतं, ते आमच्या नदीत गेलं. आणि रघूदादा काय म्हणाला असेल? "एवढा उंच माणूस घ्यायची काय गरज होती त्याला?"

हे मी त्याला चवथीला आठवण करून दिलं. तो म्हणाला, "ते वेगळं गो."

बॉक्सिंगमधलं ते शून्य ही चमत्कारिक चीज आहे. क्रिकेटमध्ये कोणी हरलं तर पुढच्या आठवड्यात दुसरी मॅच असते. इथे एक हार झाली की पुढच्या सगळ्या करारांतला आकडा खाली येतो, म्हणून हरण्याची भीती आणि पैशाचा हिशेब इतके एकमेकांत गुंतलेले असतात की बाहेरून बघणाऱ्याला कुठलं काय ते सांगता येत नाही. बॉक्सरलाही येत असेल का, मला शंका आहे. १९९२ च्या डिसेंबरमध्ये रिडिक बोने लेनॉक्स लुइसशी लढण्याऐवजी आपला डब्ल्यूबीसीचा, म्हणजे वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलच्या विजेतेपदाचा, पट्टा लंडनमध्ये पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याला तेव्हा भीती होती, की राग होता, की दुसऱ्या पट्ट्यांवर जास्त पैसे मिळतील हा अंदाज होता? बाबुसोला विचाराल तर तो अर्ध्या सेकंदात उत्तर देईल.

मला हे वेड बाबांकडून आलं. बाबा जहाजावर होते, इंजिनरूममध्ये. सासष्टी-बार्देशच्या बाजूला घरटी एक तारवटी असायचा, पण आमच्या वाड्यावर बाबा एकटेच, त्यामुळे ते सुट्टीवर आले की घरात अनोळखी वास यायचा. इंजिनच्या ग्रीसचा, परदेशी साबणाचा आणि जुन्या मासिकांचा. ती मासिकं कुठल्या कुठल्या बंदरात खलाशांनी वाचून टाकलेली, कोपरे दुमडलेली, एखाद्या पानावर कॉफीच्या कपाचा गोल डाग. त्यातले निम्मे फोटो बॉक्सिंगचे. आई म्हणायची, मुलीला काय रक्त दाखवता. बाबा मला रक्त दाखवतच नव्हते. ते मला करार समजावून सांगायचे. त्यांना स्वतःला दर खेपेला जहाजावर चढण्याआधी कागदावर सही करावी लागायची, आणि तो कागद ते जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन वाचत बसायचे. ओव्हरटाइम किती, मधेच आजारी पडलं तर घरी पाठवण्याचा खर्च कोणाचा, बोट गेलं तर काय. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वरच्या पेराशी तुटलेली होती. पहिल्या करारात ते कलम त्यांनी वाचलं नव्हतं. पुढे मी विमा कंपनीत क्लेमच्या कामाला लागले, आणि कुठलं बोट कुठल्या पेरापर्यंत गेलं तर किती टक्के, याचे तक्ते माझ्या रोजच्या वापरात आले. बाबांना याची फार गंमत वाटायची.

त्यांची लाडकी गोष्ट हॅगलर आणि लिओनार्डची. मार्विन हॅगलर मिडलवेटचा राजा, वर्षानुवर्षं कोणाला न हरलेला. शुगर रे लिओनार्डच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं, आणि आधीच्या पाच वर्षांत तो लढला होता तो एकदाच. त्याने हॅगलरला आव्हान दिलं तेव्हा लोक म्हणाले हा आंधळा होऊन घरी जाणार. वाटाघाटी झाल्या. हॅगलरला १२ मिलियन डॉलर, लिओनार्डला ११. मोठा वाटा आपल्याला मिळाला म्हणून हॅगलरची माणसं खूश. लिओनार्डने बदल्यात मागून घेतलं ते एवढंच: पंधराऐवजी बारा फेऱ्या, मोठी रिंग आणि दहा औंसांचे जाड ग्लोव्ह. म्हणजे पळायला जागा, दमायच्या आत संपणारी लढत आणि समोरच्याच्या ठोशावर थोडी जास्त गादी. ६ एप्रिल १९८७ ला तीनपैकी दोन पंचांनी लिओनार्डला विजयी ठरवलं. तेराव्या फेरीत काय झालं असतं यावर आजही लोक भांडतात. हॅगलर पुन्हा कधीच लढला नाही. बाबा ती तुटकी करंगळी टेबलावर आपटून सांगायचे, "हॅगलरने पैसे घेतले, दुसऱ्याने जागा घेतली." आणि मग, अगदी न चुकता, पुढे म्हणायचे, "पण मला आवडतो तो हॅगलरच."

हे दुसरं वाक्य मला लहानपणी कळायचं नाही. ज्याने कागद नीट वाचला तो शहाणा, आणि आवडतो मात्र दुसरा, असं कसं? आता वाटतं, चाहत्याचं मन असंच दोन्ही डगरींवर पाय ठेवून असतं. आपल्या घरच्या माणसाने सही करताना दहादा विचार करावा, आणि रिंगमधल्या परक्याने मात्र विचार न करता उडी टाकावी. अलीचं नाव निघालं की रघूदादाच्या डोळ्यांत पाणी येतं. किन्शासा, १९७४, 'जंगलातली' म्हणून गाजलेली ती लढत. पण ती लढत उभी कशी राहिली? डॉन किंगने अली आणि फोरमन दोघांनाही पाच-पाच मिलियन डॉलरचा शब्द देऊन सह्या घेतल्या, आणि पैसे कुठे आहेत ते मग शोधायला निघाला. मिळाले ते झैरेच्या हुकूमशहा मोबुटूकडे. अलीने त्या सहीच्या आधी आकडा विचारलाच नसेल असं आमच्या ओसरीवर सर्वांना वाटतं, आणि ते वाटणं मला मोडवत नाही.

तरी वाटाघाटींची बाजू घेताना माझी जीभ एका ठिकाणी अडते. ३ मे २०१५, रविवारची सकाळ. मेवेदर आणि पॅक्यावची फाइट आपल्याकडे सकाळी दिसणार होती. बाबा तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. एरवी रविवारी सातला ते मासळीबाजारात असायचे, त्या दिवशी पिशवी खुंटीलाच राहिली. घरात मानकुरादचा घमघमाट, रघूदादाने आणलेली उर्राकची बाटली आईने बघितलीच नाही असं दाखवलेलं, आणि उन्हं अंगणात चढत असताना टीव्हीवर वेगासची रात्र. या फाइटची बोलणी पहिल्यांदा मोडली होती २००९ सरता सरता, रक्ततपासणी कधी आणि कितीदा करायची यावरून. मग पाच वर्षं नुसती बोलणी. टीव्ही कंपन्या वेगळ्या, प्रमोटर वेगळे, एकमेकांवर आरोप. मधल्या काळात मार्केझने पॅक्यावला एका ठोशात तोंडावर पाडलं. शेवटी दोघे एका बास्केटबॉल मॅचला समोरासमोर आले, फोननंबर दिले-घेतले, आणि ६०-४० वर सौदा झाला. मेवेदर ३८ चा, पॅक्याव ३६ चा. अमेरिकेत ४६ लाख ठिकाणी लोकांनी शंभरेक डॉलर मोजून ती बघितली. आणि ती लढत, काय सांगू, एखाद्या थकलेल्या सरकारी फाइलीसारखी पुढे सरकत राहिली. मेवेदर सरळ जिंकला. नंतर कळलं की पॅक्यावचा खांदा आधीच दुखावलेला होता. बाबा शेवटपर्यंत बसले, मग उठले आणि पिशवी घेत म्हणाले, "आता बाजारात काय उरलं असेल? तारली."

तेव्हापासून मी मनाशी दोन प्रकार वेगळे करत आले आहे. एका वाटाघाटीत माणूस आपली हाडं, आपला दाम, आपली जागा मागतो. दुसऱ्या वाटाघाटीत तो काही मागतच नाही, फक्त घड्याळाकडे बघत बसतो, समोरचा म्हातारा व्हायची वाट बघत. पहिली लिओनार्डची. दुसरी कोणाची ते मी नाव घेऊन म्हणणार नाही, कारण मेवेदरने आधी मागितलेली रक्ततपासणी चूक होती असं मला अजूनही वाटत नाही, आणि इथेच माझी विभागणी पाणी गळू लागते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हींत कागद मागे-पुढे होतात आणि फाइट होत नाही. २०२३ मध्ये फ्युरीने मागितलेलं ७०-३० उसिकने मान्य केलं, स्वतःला तीस. तरी ती लढत मोडलीच, पुन्हा लढायचं झालं तर अटी काय यावरून. दोघे लढले थेट २०२४ च्या मे महिन्यात, रियाधला, आणि उसिक जिंकला. विनू म्हणतो, "बघ, जो कमी पैशाला तयार होता तोच घाबरला नव्हता." असेलही. पण कमी पैशाला तयार होणं हीच हिंमत ठरली, तर रिसॉर्टवाल्यांच्या 'बघू'ला हो म्हणणारा मुलगा सगळ्यांत मोठा मर्द ठरेल.

आणि काही सौदे असे असतात की त्यांची किंमत माणसाच्या शरीरातून वसूल होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये जर्वोंटा डेव्हिस आणि रायन गार्सिया लढले तेव्हा वजन ठरलं १३६ पाउंड, आणि वर आणखी एक अट होती की वजन झाल्यावर फाइटच्या दिवसापर्यंत ठरावीक दहा पाउंडांहून जास्त वाढायचं नाही. गार्सिया अंगापिंडाने मोठा, त्याला ती अट जड होती. तरी त्याने सही केली, कारण फाइट हवी होती. सातव्या फेरीत बरगडीखाली ठोसा बसला, तो एक गुडघा टेकून खाली बसला आणि दहापर्यंत उठला नाही. अटीमुळे हरला असं मी म्हणणार नाही, ठोसा सुरेखच होता. पण लोक त्याला हसले ते सही केल्याबद्दल. आणि सही केली नसती तरी हसलेच असते.

वजन उतरवणं काय असतं ते मी टीव्हीवर बघितलेलं नाही, माझ्या स्वयंपाकघरात बघितलंय. वहिनीला ते बघवत नाही म्हणून सोहम एकदा अमॅच्युअर स्पर्धेच्या आधी माझ्याकडे राहायला आला होता. सुरुवात मिठापासून होते. आधी जेवणातलं मीठ बंद, मग हळूहळू भात, मग पाणी मोजून, आणि शेवटी पाणीही नाही. एप्रिलचा उकाडा, पंखा बंद, अंगावर रेनकोट आणि त्यावर जाड स्वेटशर्ट, अशा अवस्थेत तो दोरीवरच्या उड्या मारायचा. शेवटच्या संध्याकाळी तो ओट्याजवळ उभा राहून एका रिकाम्या बाटलीत थुंकत होता, कारण थुंकीचंही वजन असतं. त्याचे ओठ भेगाळले होते, कोपऱ्यांत पांढरं साचलं होतं, आणि बोलताना जीभ टाळ्याला चिकटल्याचा बारीक चट् असा आवाज येत होता. मी कुकर लावला होता. शिट्टीबरोबर डाळीचा वास सुटला तसा तो शांतपणे उठून गॅलरीत गेला. दर थोड्या वेळाने काट्यावर उभा राहायचा. आकडा हलत नव्हता तेव्हा त्याने केस कापून घेतले. एवढं सगळं केलं ते दीड-दोन किलोंसाठी. त्यामुळे 'पाच किलो म्हणजे किती' हे तो चवथीला म्हणाला तेव्हा तो आकडा सांगत नव्हता, हे त्या ओसरीवर बहुधा मला एकटीलाच ठाऊक होतं.

बाबांचा जहाजावरचा एक मित्र बाणावलीचा होता, मिंगेल. त्याच्याबरोबर मी लहान असताना धिरयो, म्हणजे बैलांची झुंज, बघायला गेले होते, कोर्टाची बंदी यायच्या कितीतरी आधी. कापणी झालेलं शेत, पायाला टोचणारे भाताचे सड, दुपारचं तापलेलं ऊन आणि माणसांचं मोठं रिंगण. झुंज लागायच्या आधी मालकांची बोलाचाली झाली. हा बैल त्या बैलाला नको, शिंगं बघा, खांदा बघा, गेल्या वेळी तुमच्याने आमच्याला फसवलंत, असं कितीतरी वेळ. बैल आपापल्या दोरीला शांत उभे, शेपटीने माशा वारत. त्यांना कोणी विचारत नव्हतं. मग दोन कपाळं एकमेकांवर आदळली, आणि तो आवाज मला अजून आठवतो, कोरडा, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. पण माझ्या लक्षात राहिलंय ते पुढचं. एका बैलाने पाठ फिरवली आणि तो सरळ माणसांकडे धावला. रिंगण फुटलं. मिंगेलने मला काखेत उचललं आणि बांधावर फेकलं, त्याची चप्पल चिखलात राहिली. दोन क्षणांपूर्वी 'मार, मार' म्हणून ओरडणारे सगळे जिवाच्या आकांताने पळत होते. धिरयोची बाजू मी घेणार नाही. माणसं मेली, बंदी आली ते बरंच झालं, आणि अजूनही कुठे कुठे चोरून लावतात ते वाईटच. पण बघणाऱ्याच्या अंगावर काही येऊ शकतं, एवढं तरी तिथे होतं. सोफ्यावर बसून 'भियेलो' म्हणणाऱ्याच्या अंगावर काय येणार?

म्हणजे चाहत्यांनी बोलूच नये असंही नाही. मीही बोलते. स्पेन्स आणि क्रॉफर्डची लढत २०२२ ला मोडली तेव्हा मी दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि २०२३ च्या जुलैमध्ये ती अखेर झाली, क्रॉफर्डने नवव्या फेरीत संपवली, तेव्हा सकाळी ऑफिसला सुट्टी असल्यासारखी नाचले होते. बोलणं हा या खेळाचा अर्धा भाग आहे. वर्षातून एक-दोनदाच लढणाऱ्या माणसांवर बाकीचे दिवस आपण करणार तरी काय? आमच्या ओसरीवर या तिघांनी तावातावाने भांडणं थांबवलं तर घर सुनं वाटेल. खुपतं ते एवढंच की तोंडात शब्द एकच असतो आणि तो सगळ्यांना पुरतो. करोडो डॉलरवर बसलेल्या मेवेदरलाही तो, आणि बसच्या पासाचे पैसे बापाकडून घेणाऱ्या आमच्या पोराला पण तोच.

१४ सप्टेंबरच्या सकाळी क्रॉफर्ड जिंकला, तिन्ही पंचांच्या पत्रकांवर. सहा किलो वर जाऊन त्याने कॅनेलोला अक्षरशः शिकवलं. पावणेअकराच्या सुमारास रघूदादाचा फोन. "बघितलंस? मी म्हटलं नव्हतं, हा माणूस वेळ बघून उतरतो. कॅनेलो उतरायला लागलाय हे त्याने बरोबर हेरलं." चवथीला चेक घ्यायला निघालेला माणूस आता द्रष्टा झाला होता. मी त्याला आठवण करून दिली नाही. फोनवर मागे बाबुसोचा आवाज येत होता, तो अजूनही वेडेपणाच म्हणत होता, फक्त आता कौतुकाने.

सोहमला गेल्या आठवड्यात दुसरा प्रस्ताव आला. प्रोफेशनल म्हणून पहिली फाइट, मुंबईत, यावेळी कागद आहे. त्याने तो मला पाठवला आणि मी तो बाबांसारखाच जेवणाच्या टेबलावर, पेन्सिल घेऊन वाचला. रिसॉर्टपेक्षा पुष्कळ बरा आहे. आकडा लिहिलेला आहे, डॉक्टर लिहिलेला आहे. पण एका कलमात म्हटलंय की ठरलेला प्रतिस्पर्धी न आल्यास आयोजक 'साधारण त्याच वजनाचा' दुसरा देऊ शकतील, आणि मेडिकल विमा खेळाडूने आपला आपण काढायचा. मी खुणा करून परत पाठवला. अर्ध्या तासात त्याचा फोन. "आत्ये, एवढं सगळं मागितलं तर परत दुसऱ्याला घेतील." मी म्हटलं, घेऊ देत. तो म्हणाला, "असं म्हणत बसलो तर पहिली फाइट कधी करणार? तिशीत?" मला मेवेदर-पॅक्यावची ती सकाळ आठवली आणि पटकन उत्तर सुचेना. साधारण म्हणजे किती, एक किलो की पाच, एवढं तरी लिहून घे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, विचारतो. मग म्हणाला, विचारलं आणि नाही म्हणाले तर तू मला सही करू नको म्हणशील, म्हणून विचारतच नाही.

अ‍ॅम्ब्युलन्सचं तो सोडायला तयार नाही, तेवढं माझ्या नशिबाने. विम्याचं मी माझ्या ओळखीने बघते म्हटलंय. वजनाच्या कलमावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही आणि शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. आज सकाळी वहिनीचा फोन होता. म्हणाली, कालपासून पोराने मीठ बंद केलंय.